आर्सेनिक अँड ओल्ड लेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रँक काप्राचा १९४४ साली प्रदर्शित झालेला हा कृष्णधवल सिनेमा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तुफान चाललेल्या एका नाटकावर बेतलेला आहे. नाटकवाल्या मित्रमंडळींना मी तो गळ्यात मारत असतो आणि पाहून झाल्यावर त्यांचे ठरावीक प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर ज्या प्रश्नांत ‘शेवट’ हा शब्द आहे ते तूर्त वगळा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

मॉर्टिमर ब्रूस्टर हा न्यूयॉर्कमधला नाट्यसमीक्षक. लग्नाविरुद्ध पुस्तकं लिहून नाव कमावलेला माणूस. सिनेमा सुरू होतो तेव्हा हाच गृहस्थ काळा चष्मा लावून विवाहनोंदणीच्या रांगेत तोंड लपवत उभा आहे. नवरी म्हणजे शेजारच्या पाद्र्याची मुलगी, इलेन. नायगराला हनिमूनला निघण्याआधी दोघं ब्रुकलिनच्या घरी येतात. मॉर्टिमरला वाढवलेल्या ॲबी आणि मार्था या दोन म्हाताऱ्या आत्यांना लग्नाची बातमी द्यायची असते.

घरात काहीतरी शोधताना मॉर्टिमर खिडकीखालच्या बैठकीचं झाकण उचलतो. आत एक मेलेला म्हातारा. डोक्याने अधू असलेल्या टेडीनेच, म्हणजे आपल्या भावानेच हे केलं, अशी त्याची खात्री होते. आत्यांना धक्का बसू नये म्हणून तो सांभाळून विषय काढतो. त्यावर आत्या म्हणतात, अरे, ते मिस्टर हॉस्किन्स. आणि पुन्हा टेबल आवरायला लागतात. हे असे बारा झाले म्हणे. पहिला धरायचा की नाही, यावर दोघींचा थोडा वाद होतो.

त्यात त्याच रात्री मॉर्टिमरचा दुसरा भाऊ जोनाथन उगवतो. पोलिसांना हवा असलेला खुनी, सोबत दारुडा प्लॅस्टिक सर्जन डॉ. आइन्स्टाइन आणि स्वतः केलेल्या खुनाचं एक प्रेत.

यात हसायचं काय आहे?

आत्यांचा चांगुलपणा.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा सिनेमा यावरच उभा आहे. ॲबी आणि मार्था ढोंगी नाहीत. त्या मनापासून सज्जन आहेत. पोलीस गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करतात त्यांना त्या खेळणी देतात, आजाऱ्याला सूप पाठवतात. खोटं बोलणं त्यांच्याने होत नाही. खोली भाड्याने मागायला येणाऱ्या म्हाताऱ्याला त्या आपुलकीने विचारतात : घर कुठे, जवळचं कुणी आहे का? कुणी नाही म्हटलं की त्यांना भरून येतं आणि एल्डरबेरीच्या घरगुती वाइनचा पेला पुढे होतो. वाइनमध्ये काय घालतो हे त्या मॉर्टिमरला लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं सांगतात : गॅलनभर वाइनला एक चमचा आर्सेनिक, अर्धा चमचा स्ट्रिक्नाइन आणि चिमूटभर सायनाइड.

हे सुचलं कसं, तर एक म्हातारा त्यांच्याच दिवाणखान्यात हृदय बंद पडून आपोआप गेला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की दोघींना वाटलं, ही शांती इतरांनाही मिळायला हवी. मेलेल्याला तळघरात पुरताना त्याच्या पंथाप्रमाणे त्या रीतसर प्रार्थनाही करतात. जोनाथनने आणलेलं प्रेत हॉस्किन्ससाठी खणलेल्या खड्ड्यात टाकायचं ठरतं तेव्हा त्यांना खुनाची शिसारी येत नाही. आमच्या तळघरात परका माणूस कसा, यावर त्या संतापतात!

म्हणजे खुनाखेरीज प्रत्येक बाबतीत त्यांची नीतिमत्ता तुमच्या-माझ्यापेक्षा चोख आहे. मॉर्टिमरच्या तोंडाला फेस येतो तो याच्याशी वाद घालताना. दुष्ट माणसाला ‘हे वाईट आहे’ म्हणता येतं. खुनाला सेवा समजणाऱ्या आत्याला काय म्हणणार?

फार रक्तबंबाळ आहे का? मुलांना दाखवावा का?

रक्ताचा थेंब नाही. आणखी गंमत म्हणजे पडदा उघडल्यापासून मिटेपर्यंत सिनेमात एकही माणूस मरत नाही. सगळे आधीच मेलेले आहेत. प्रेतंही धड दिसत नाहीत. दिसतो तो झाकण उघडणाऱ्याचा चेहरा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आवडेल. त्याहून लहान मुलांना जोनाथनची भीती वाटू शकते.

मूळ नाटक कोणाचं?

जोसेफ केसलरिंग यांचं. १० जानेवारी १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरमध्ये ते उघडलं आणि १९४४च्या जूनपर्यंत त्याचे १,४४४ प्रयोग झाले. लंडनच्या स्ट्रँड थिएटरमध्येही १९४२च्या अखेरीपासून तीन वर्षांहून जास्त काळ, म्हणजे ऐन युद्धात, ते चालू होतं. बाहेर बॉम्बचं भय आणि आत तळघरातल्या बारा प्रेतांवर हशा. त्या काळातल्या लोकांना काळा विनोद समजावून सांगावा लागला नसणार.

केसलरिंग यांनी मुळात हे गंभीर रहस्यनाट्य म्हणून लिहिलं होतं आणि निर्माते हॉवर्ड लिंडसे व रसेल क्राउस यांनी त्याची कॉमेडी केली, असं ब्रॉडवेवर कायम बोललं गेलं. लेखक म्हणून नाव मात्र एकट्या केसलरिंग यांचंच आहे, आणि त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही नाटकाला असं यश मिळालं नाही.

हे खरंच घडलं होतं का?

अगदी असं नाही, पण मागे एक खरी बाई आहे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या विंडसर गावात एमी आर्चर-गिलिगन ही वृद्धांसाठी निवास चालवायची. एकरकमी हजार डॉलर भरा आणि मरेपर्यंत राहा, असा तिचा करार असे. हिशोब उघड आहे : माणूस जितका जास्त जगेल तितका तोटा. तिच्याकडे माणसं भराभर मरू लागली, तिचा दुसरा नवराही लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला. फ्रँकलिन अँड्र्यूज नावाच्या रहिवाशाच्या बहिणीला संशय आला, ‘हार्टफर्ड कुरंट’ या वृत्तपत्राने प्रकरण लावून धरलं, पुरलेली शरीरं उकरून काढली तेव्हा त्यांत आर्सेनिक सापडलं. १९१६ला अटक, १९१७ला फाशीची शिक्षा. १९१९च्या फेरसुनावणीनंतर जन्मठेप. पुढे तिला मनोरुग्णालयात हलवलं आणि तिथेच १९६२मध्ये ती वारली. म्हणजे नाटक, सिनेमा आणि त्यांची सगळी वाहवा तिच्या हयातीतली.

केसलरिंग यांनी या प्रकरणातून विष, म्हातारे आणि प्रेमळ चेहऱ्याची बाई घेतली. पैसा मात्र काढून टाकला. एमीचा हेतू तसाच ठेवला असता तर गुन्हेगारी नाटक झालं असतं. लोभाच्या जागी दया आली आणि प्रेक्षक हसायला मोकळे झाले.

चित्रीकरण १९४१चं आणि प्रदर्शन १९४४चं, असं का?

नाटक चालू असेपर्यंत सिनेमा दाखवायचा नाही, असा सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीशी करार होता. नाटक एवढं चालेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काप्राने १९४१च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये चित्रीकरण उरकलं. ते संपत आलेलं असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. काप्रा लष्करात गेला आणि ‘व्हाय वुई फाइट’ ही माहितीपटमालिका करू लागला. सिनेमाचे डबे तसेच पडून राहिले. सामान्य प्रेक्षकांच्या आधी, १९४३मध्ये, परदेशांत तैनात सैनिकांना तो दाखवला गेला.

चित्रीकरण असं घाईने उरकण्याचं कारण नट. ॲबी झालेल्या जोसेफिन हल, मार्था झालेल्या जीन अडेर आणि टेडी झालेले जॉन अलेक्झांडर हे तिघंही ब्रॉडवेच्या संचातले. त्यांना आठ आठवड्यांची सुट्टी मिळाली होती. दोघी आत्यांची एकमेकींच्या वाक्यात वाक्य गुंफायची लय नीट ऐका. ती सेटवर दोन दिवसांच्या तालमीत येणारी नाही. शेकडो प्रयोगांत मुरलेली आहे.

जोनाथनला सगळे ‘बोरिस कार्लॉफसारखा दिसतो’ का म्हणतात? आणि मग कार्लॉफ सिनेमात का नाही?

कार्लॉफ म्हणजे १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस. ब्रॉडवेवर जोनाथन स्वतः कार्लॉफच करत होता. त्यामुळे रंगमंचावर ‘हा कार्लॉफसारखा दिसतो’ म्हटलं की जोनाथन चवताळायचा आणि प्रेक्षागृह कोसळायचं. डॉ. आइन्स्टाइनने तो सिनेमा पाहून, वर दारू पिऊन शस्त्रक्रिया केली म्हणून हा चेहरा, असा खुलासा आहे.

तिघा नटांना सुट्टी देणाऱ्या निर्मात्यांनी कार्लॉफला मात्र सोडलं नाही. तिकीटविक्री त्याच्या नावावर होती. त्याचे स्वतःचेही पैसे त्या नाटकात गुंतले होते. सिनेमात ही भूमिका रेमंड मॅसीने केली. तोवर अब्राहम लिंकनच्या भूमिकेसाठी गाजलेला नट, कार्लॉफसारखा रंगवून! मॅसी भीतिदायक आहे यात वाद नाही, पण विनोद निम्मा झाला. मूळ गंमत नट आणि पात्र यांच्यात होती, आता ती फक्त मेकअपमध्ये उरली. मला ही सिनेमाची सगळ्यात मोठी हानी वाटते. डॉ. आइन्स्टाइन झालेला पीटर लोरे ती बरीचशी भरून काढतो. घाबरट, लाचार, तरी माणूस म्हणून आवडून जाणारा.

टेडी जिन्यावर ‘चार्ज!’ ओरडत का पळतो?

तो स्वतःला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समजतो. रूझवेल्ट १८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धात क्यूबातल्या सान हुआन टेकडीवर चढून गेला होता. घरातला जिना ही टेडीची टेकडी. पनामा कालव्याचं अमेरिकी काम रूझवेल्टच्याच कारकिर्दीत सुरू झालं, म्हणून टेडी तळघरात कालव्याची ‘कुलपं’ (जहाजं वर-खाली नेणारे जलबंध, इंग्रजीत ‘लॉक’) खणतो. पनामात पीतज्वराने माणसं मेली, म्हणून आत्या सांगतात की हा पीतज्वराचा बळी आहे, आणि टेडी इमानेइतबारे पुरून येतो. वेडेपणाचा प्रत्येक धागा कथानकाच्या कामाला लावलेला आहे. लेखनाची कारागिरी पाहायची तर इथे पाहा.

जॉन अलेक्झांडरने १९५०मध्ये ‘फॅन्सी पँट्स’ या दुसऱ्या सिनेमात खरोखरचा थिओडोर रूझवेल्ट केला. बढतीच म्हणायची.

मॉर्टिमर खुर्चीत बसून नाटकातला मूर्खपणा सांगतो, तो प्रसंग एवढा गाजलेला का आहे?

नाट्यसमीक्षक मॉर्टिमर नुकत्याच पाहिलेल्या एका भिकार नाटकातला प्रसंग आइन्स्टाइनला वर्णन करून सांगतो. घरात खुनी आहेत हे ठाऊक असूनही तो शहाणा त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीत बसतो, मागून कुणी पडद्याची दोरी काढतंय याचा त्याला पत्ता नसतो, वगैरे. तो बोलत असतानाच जोनाथन मागून अगदी तसंच करतो आणि मॉर्टिमर बांधला जातो. त्यानंतर येतो पोलीस शिपाई ओ’हारा. त्याला नाटक लिहायचं असतं आणि आयता समीक्षक सापडलाय, तोही बांधलेला. बांधलेल्या मॉर्टिमरला तो आपलं कथानक ऐकवत बसतो. नाट्यवाचनाला बोलावणं आलेल्या कुणालाही हा प्रसंग काल्पनिक वाटणार नाही.

कॅरी ग्रँट अति करतो का?

हो. मॉर्टिमरच्या भूमिकेत डोळे फिरवणं, किंचाळणं, दचकणं यात पहिल्या अर्ध्या तासातच तो टोक गाठतो. मग पुढे चढायला जागा उरत नाही. स्वतः ग्रँटचं मत माझ्यापेक्षा कडक होतं. आपल्या कामांपैकी हे त्याला सर्वांत नावडतं होतं आणि जेम्स स्टुअर्टने ते जास्त चांगलं केलं असतं, असं तो म्हणायचा. काप्राला आधी विनोदी नट बॉब होप हवा होता. त्याच्या पॅरामाउंट स्टुडिओने त्याला सोडलं नाही.

ग्रँटच्या बाजूने एवढं म्हणता येईल की बाकी सगळे शांत आहेत. आत्या शांत, जोनाथन थंड, टेडी आपल्या जगात सुखी. घरात शहाणा असा हा एकच आणि वेड्यासारखा वागणाराही हाच. हा उलटा तराजू दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर धरलेला दिसतो, फक्त पारडं जरा जास्त खाली गेलं. आवाज बंद करून त्याच्या शरीराकडे बघा. कसरती करणाऱ्या रंगमंचावरच्या संचात शिकलेला नट आहे हे लगेच कळतं. स्मशानाच्या प्रसंगात एका थडग्यावर ‘आर्ची लीच’ असं नाव आहे. ते ग्रँटचं खरं नाव.

सिनेमा नाटकी वाटतो. हा दोष नाही का?

एका घरात, एका रात्रीत, आत-बाहेर करणाऱ्या माणसांवर चालणारा हा फार्स आहे. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांचे फार्स ज्यांच्या घरात चवीने आठवले जातात त्यांना हे गणित सांगायला नको : दार कोणतं, कोण कधी येणार आणि कोणाला काय माहीत नाही. इथून बाहेर पडलं की वाफ जाते. ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन या जुळ्या भावांची पटकथा (पुढे ‘कॅसाब्लँका’ यांचाच) बहुतांशी घरातच राहते आणि तेच बरोबर आहे. सुरुवातीची बेसबॉलची मारामारी, बाहेर मीटर टाकून ताटकळलेला टॅक्सीवाला, ही सिनेमाची भर मला तरी ठिगळासारखी वाटते.

एक भर मात्र फायद्याची. नाटक सप्टेंबरमध्ये घडतं, सिनेमाने ते हॅलोवीनच्या रात्रीवर नेलं. घराला लागून स्मशान, वाऱ्यावर उडणारी पानं, सगळं स्टुडिओत उभारलेलं. छायालेखक सोल पोलिटोने जोनाथनची सावली भिंतीवर जशी टाकली आहे ती रंगमंचावर जमणं अवघड.

शेवट नाटकात वेगळा आहे म्हणतात. काय फरक?

दोन महत्त्वाचे.

मॉर्टिमर ब्रूस्टर घराण्याचा नाहीच, हे दोन्हीकडे उघड होतं आणि घराण्यातलं वेड आपल्यात उतरणार नाही म्हणून तो आनंदाने उड्या मारतो. नाटकात तो इलेनला म्हणतो, मी अनौरस आहे! मूळ शब्द अर्थातच शिवीचा आहे. हॉलिवूडच्या नियमावलीत तो चालण्यासारखा नव्हता, म्हणून सिनेमात तो जहाजावरच्या आचाऱ्याचा मुलगा ठरला.

दुसरा फरक मोठा. आत्या आणि जोनाथन, दोघांचाही आकडा बारावर अडकलेला असतो. जोनाथनला ही बरोबरी सहन होत नाही. नाटकाच्या अगदी शेवटी जोनाथनला पोलीस नेतात आणि टेडी आणि आत्यांना न्यायला आलेला ‘हॅपी डेल’ या मनोरुग्णांच्या संस्थेचा अधीक्षक विदरस्पून एकटा मागे राहतो. दोघी चौकशी करतात : घरी कोण असतं? कोणी नाही. मग ती वाइन येते. तो पेला ओठाशी नेतो आणि पडदा. आत्या तेरा, जोनाथन बारा.

सिनेमाने हे गाळलं. विदरस्पून सुखरूप, आत्या गोड हसत संस्थेत, मॉर्टिमर बायकोला खांद्यावर घेऊन पसार. गुन्हा बिनशिक्षेचा राहू नये ही नियमावलीची अट पाळली गेली, पण विनोदातला काळेपणाही पुसला गेला. दोन तास ज्या पेल्याची भीती घातली तो शेवटी कोणीतरी प्यायला हवा. हौशी संस्थांचे अनेक प्रयोग तर यापुढे जातात : नमस्काराच्या वेळी तळघराच्या दारातून बारा ‘मृत’ म्हातारे ओळीने बाहेर येतात आणि वाकून अभिवादन करतात.

कार्लॉफला या भूमिकेत कुठे पाहता येईल?

१९४९, १९५५ आणि १९६२ अशा तीन वेळा त्याने अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी जोनाथन केला. १९५५च्या प्रयोगात डॉ. आइन्स्टाइन पुन्हा पीटर लोरेच होता आणि आत्यांपैकी एक हेलन हेज.

आमच्या संस्थेला मराठीत करायचं आहे. काय अडेल?

आधी हक्क. केसलरिंग १९६७मध्ये वारले आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०२७ संपेपर्यंत. अमेरिकेत परवाने ‘ड्रॅमॅटिस्ट्स प्ले सर्व्हिस’ देते. पत्र तिथे टाका.

रूपांतराचा माझा आराखडा असा : सदाशिव पेठेतला पडायला आलेला वाडा, तळघराऐवजी धान्याचं बळद, दारावर ‘एकट्या गृहस्थास खोली देणे आहे’ अशी पाटी. वाइन बाद, दोघी आत्या पन्हं देतील आणि वेलदोडा कमी पडला का विचारतील. प्रत्येकाचं दहावं-तेरावं त्या नीट करतील, कावळा शिवेपर्यंत थांबतील. खरी अडचण टेडीची आहे. जिना म्हटल्यावर गडच सुचतो, पण आज मराठी रंगभूमीवर त्या वाटेला जायला वाघाचं काळीज हवं. पेशवाईतला एखादा काल्पनिक सरदार निर्माण करून सुटका होईल.

आणि आत्यांच्या भूमिकांना विनोदी नट्या घेऊ नका. ज्यांच्या हातचा चहा कोणीही विचार न करता पिईल अशा बायका घ्या. जोसेफिन हल विनोद करतेय असं एकदाही वाटत नाही. १९५०च्या ‘हार्वी’साठी, तोही नाटकावरूनच केलेला सिनेमा, तिला ऑस्कर मिळालं.

आधी नाटक वाचू की सिनेमा पाहू?

सिनेमा. ११८ मिनिटांचा आहे, संवाद भरधाव आहेत, इंग्रजी उपशीर्षकं लावूनच बसा. मग नाटकाचा फक्त तिसरा अंक वाचा.